मेंढरांचा पत्ता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

गेवराईत माझं छपाईचं छोटं दुकान आहे. आणि चाळिशीत जडलेला एक नाद — पत्त्यांचा खेळ. रमी नव्हे. यात सगळे सारख्याच दहा लेच्यापेच्या पत्त्यांनी सुरुवात करतात आणि मधल्या ढिगातून चांगले पत्ते विकत घेत आपापला गठ्ठा बांधत जातात. माझ्यासारखे वेडे या खेळासाठी स्वतःचे नवे पत्ते बनवतात, इंटरनेटवरच्या एका गटात टाकतात. बनवणं सोपं. तोलात बसवणं — तिथंच सगळे आपटतात. पत्ता फार जोरदार झाला तर ज्याच्या हाती तोच जिंकतो. लेचापेचा झाला तर कुणी ढुंकून बघत नाही.

माझा 'मेंढरं' नावाचा पत्ता होता. तो टाकला की तीन नवे पत्ते ओढायचे. फारच जोरदार. तिनाचे दोन केले, घेणं महाग केलं — दोन महिने नुसता झगडत होतो.

कौसामावशी माझ्याकडे लॅमिनेशन आणि कटिंग करायच्या. तलवाड्याच्या, मेंढपाळाच्या घरातल्या, माझ्याहून मोठ्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की समोर खेळायला बसायच्या. एकदा तो पत्ता बोटाखाली दाबून म्हणाल्या, "दादा, ह्याच्यामागं माणूस कुठं हाय?"

मला कळेना.

"मेंढरं काय आपली आपणच चरून येत्यात व्हय? एका कळपामागं एक माणूस लावा. माणसाचा पत्ता हातात न्हाई, तर मेंढरं बसतील वाड्यात."

मूळचे तीन तसेच ठेवून, त्या म्हणाल्या तसं करून खेळलो. हावरेपणानं मेंढरं जमवणारा आपसूक अडकत होता. माणसं जपणारा सावकाश पुढं सरकत होता. आकडा एकही बदलला नव्हता! मी दोन महिने आकडे मोडत होतो, आणि या बाईनं एका वाक्यात सगळा खेळ आरपार पाहिला होता. कसा? अजूनही मला त्याचं नवल वाटतं.

तो पत्ता मी गटात टाकला. माझ्या नावानं. लांबलांबच्या देशांतून लोक विचारू लागले, हे सुचलं कसं? मी लिहिलं — निरीक्षणातून.

पण एवढंच असतं तर...

आठवड्यानं मावशींनी विचारलं, "आवडला का वो लोकायला?"

खरं सांगायला काय लागत होतं? मी म्हणालो, "नाही मावशी. नाही चालला."

त्या म्हणाल्या, "मला वाटलं व्हतं, जमलाय." हातात वहीची चार पानं होती, पत्त्याच्या मापाची कापलेली, पेन्सिलीनं चित्रं काढलेली. त्यांनी ती दुमडली, पिशवीत घातली आणि कटरकडे वळल्या.

त्यानंतर त्या खेळायला बसल्या नाहीत. वर्षभरानं काम सोडून लेकीकडे वडवणीला गेल्या.

त्या चार पानांवर काय होतं, ते मी विचारलं नाही. मला भीती वाटली होती — तीही चांगलीच असतील याची.