धवला पुरा होईपर्यंत

ती दुपार विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. पण खरा घाम फुटला तो त्या दुपारी, आणि तोही एका लग्नघराच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून.

तेव्हा मी पेण भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. या लेखात नाव कुणाचंच देणार नाही. जिच्याबद्दल लिहितो आहे तिचं नाव दिलं तर तुम्ही वाचायचं सोडून तिची गाणी गुणगुणायला लागाल. ती गायिका आणि नटी. तिला आपण नुसतं बाई म्हणू. तिला आणि तिच्या भावाला विचारून, दोघांनी हो म्हटल्यावरच लिहायला बसलो आहे.

त्या संध्याकाळी बाईंचा रोह्याला कार्यक्रम होता. धाटावच्या कंपन्यांतल्या पोरांनी शिफ्ट बदलून घेतल्या होत्या. खांब गावापासून पुढे हायवेवर जागोजागी तिचे बॅनर लागले होते. बंदोबस्ताची डोकेदुखी रोह्याच्या लोकांची होती, म्हणून मी मजेत होतो. दुपारचं जेवण उरकून डबा बंद करतो आहे तोच तिचा ड्रायव्हर ठाण्यात धापा टाकत आला.

त्याचं म्हणणं असं, की बाईंनी त्याला पेणच्या बाजारात पोह्याचे पापड आणायला उतरवलं. तो पापड घेऊन परत आला तर गाडी जागेवर नाही. फोनची रिंग वाजते, पण कुणी उचलत नाही. बाईंना गाडी चालवता येते, पण न सांगता त्या कधी जात नाहीत. मी त्याला जबाब द्यायला बसवलं, तेवढ्यात खबर आली. धरमतर खाडीवर मासेमारी करणारा आमचा जुना खबरी फोनवर दबक्या आवाजात बोलत होता.

"साहेब, मोठी गाडी बांधावर उभी हाय, दार उघडाच. ती गानारी बाय हाय ना, तिला तिचा भाऊस होडीत घालून न्हेताना बघितला मी. बाय रडत व्हती."

आम्ही पोहोचलो तर गाडी तशीच होती. सीटवर मोबाइल वाजत होता. बांधावरून पाण्यापर्यंत चिखलात दोन माणसांची पावलं गेली होती. आम्ही तिथे उभे असतानाच पलीकडून एक होडी येताना दिसली. होडीत एकटा भाऊ होता. त्याने आम्हाला पाहिलं, पण होडी वळवली नाही. काठाला लागला, होडी बांधली आणि शांतपणे आमच्या ताब्यात आला. त्याची झडती घेतली तेव्हा खिशात रुमालात बांधलेल्या बांगड्या, गळ्यातली साखळी आणि कानातले निघाले. सगळं सोन्याचं.

"हे कुणाचं?"

"तिचा हाय."

"ती कुठे आहे?"

त्यानंतर त्याने तोंड उघडलं नाही. माझ्याबरोबरच्या शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं, मग खाडीच्या पाण्याकडे.

या भावाचं आणि बाईंचं वैर अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. त्याला कारण होतं बाईंचं गाणं. त्यांचा बाप मिठागरावर राबायचा आणि आई धवलारीण होती. आमच्या खाडीपट्ट्यातल्या जुन्या घरांत लग्न लावताना धवलारीण मांडवात बसते आणि प्रत्येक विधीचं गाणं म्हणते. त्या गाण्याला धवला म्हणतात. धवला झाला नाही तर लग्न लागलं असं ती घरं मानत नाहीत. बाई लहानपणी आईच्या मागे बसून हे सगळं शिकली. पुढे हळदीच्या ऑर्केस्ट्रात गायला लागली. एका कंपनीने तिचं गाणं रेकॉर्ड केलं, ते गाजलं, मग सिनेमात नाचाचं एक काम मिळालं, मग बोलायचं मिळालं, मग नायिकेचं. टीव्हीवर पोरांच्या गाण्यांना मार्क देणारी बाई म्हणून तिला तुम्ही पाहिलं असेलच. पण जे पहिलं गाणं गाजलं, ते होतं आईच्या धवल्याचं. मांडवाबाहेर जो म्हणायचा नाही, तो धवला पोरीने ढोलाच्या ठेक्यावर बसवला होता. महिन्याभरात तो डीजेवर वाजायला लागला. जुनी घरं बिथरली. पोरीचं कुणी काही करू शकत नव्हतं, म्हणून राग आईवर निघाला. म्हातारीला लग्नाला बोलावणं बंद झालं. मायलेकींचं बोलणं तुटलं. भावाने तर एका चॅनलवाल्यासमोर सांगून टाकलं होतं, माझ्यासाठी ती मेली, गावात आली तर खाडीत बुडवीन.

ही क्लिप त्या दुपारी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर फिरायला लागली. बाई बेपत्ता असल्याची बातमी फुटली होती. कुणी फोडली हे शोधायला मला तेव्हा सवड नव्हती. ठाण्यासमोर पोरं जमायला लागली. वरून फोन सुरू झाले. खाडीत बोटी उतरवा, गळ टाका, आरोपीला बोलता करा.

मी त्याला समोर बसवलं. चौकशीच्या खोलीत मी कुणाची आरती ओवाळली असा माझा लौकिक नाही. गोडीने विचारलं, दरडावून विचारलं, कलमं वाचून दाखवली. खुनाच्या गुन्ह्यात काय होतं ते सांगितलं. तो ऐकत होता आणि मधूनमधून खिडकीकडे बघत होता. इतकी वर्षं आरोपी पाहिल्यावर एक कळतं. घाबरलेला माणूस दाराकडे बघतो, कोण आत येतंय म्हणून. हा खिडकीतून ऊन किती कललं ते बघत होता. त्याला सुटायचं नव्हतं. त्याला वेळ काढायचा होता.

मग माझी नजर त्याच्या हातांवर गेली. नखांच्या कडेला हळद होती, ओली असताना लागलेली. त्याच्या गावात त्या दिवशी लग्न नव्हतं, हे आमच्या हवालदाराने मघाशीच सांगितलं होतं. मी बाहेर येऊन खाडीपलीकडच्या पोलीस पाटलाला फोन लावला. तिकडे आज कार्य कुठे आहे?

"एका पाड्यावर हाय साहेब. जुनं घर. स्पीकर नाय, डीजे नाय, अगदी गपचूप चाललंय," पाटील म्हणाला.

मी परत आत गेलो आणि भावासमोर खुर्ची ओढून बसलो.

"पलीकडच्या लग्नात धवला कोण म्हणतंय?"

तो माणूस इतका वेळ दगडासारखा बसला होता. त्याचा चेहरा पडला. त्याने हात जोडले.

"साहेब, पाया पडतंय. तिकडं जाऊ नका. पोलीस मांडवात आलं का धवला तुटला."

मग सगळं बाहेर आलं. इतक्या वर्षांनी एका घराने म्हातारीला पुन्हा नारळ दिला होता. नारळ घेतला म्हणजे धवला म्हणायचा शब्द दिला. आणि लग्नाच्या तोंडावर तिला लकवा झाला, एक बाजू गेली, वाचा गेली. दुसरी धवलारीण आता सापडत नाही. भाऊ लग्नघरी जाऊन पाय धरून बसला. त्यांनी शेवटी हो म्हटलं, पोरीने म्हटला तरी चालेल, पण साध्या लुगड्यात, अंगावर दागिना नको, मोबाइल नको, आणि बाहेर कुणाला कळता कामा नये. कळलं तर लग्नाचा तमाशा होईल. म्हणून भावाने जिला मेली म्हटलं होतं तिला फोन केला. बाई होडीत रडत होती, कारण आईची खरी अवस्था तिला तिथे कळली. ड्रायव्हरला पापडांच्या निमित्ताने तिने उतरवलं होतं ते यासाठीच. दागिने तिनेच काढून त्याच्याकडे दिले होते. आणि तो परत आला होता ते गाडी आडबाजूला लावायला.

"हे आधी सांगायला काय झालं होतं? तुझ्यावर खुनाचा गुन्हा लागत होता!"

"सांगितला असता तर तुमी थांबला असता काय?"

तो खोटं बोलत असण्याची शक्यता होतीच. खरं असतं तरी मी फौज घेऊन गेलो असतो, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

मी वर्दी उतरवली, साधा शर्ट घातला. एका महिला हवालदाराला पोलीस लाईनीतल्या घरातून साडी नेसून यायला सांगितलं आणि खबऱ्याच्याच होडीतून आम्ही दोघं पलीकडे गेलो. वर कळवलं फक्त एवढंच, की एक धागा मिळालाय, तपासतो. भाऊ खोटा निघाला असता तर मी स्वतःच्या हाताने मौल्यवान वेळ घालवला होता आणि माझी वर्दी कायमची उतरली असती.

मांडवातून बायकांचा आवाज येत होता. एकसुरी, संथ, वाद्य नाही, ठेका नाही. बाईंचं प्रत्येक गाणं मी ऐकलेलं, पण हा आवाज मला ओळखू येईना. मी अंगणात पुरुषांत जाऊन बसलो, हवालदार आत बायकांत शिरली. ती बाहेर येईपर्यंतचा वेळ मला फार जड गेला. ती दारात आली आणि तिने मान हलवली. बाई होती, धडधाकट होती, मांडवात आणून बसवलेल्या म्हातारीच्या मांडीला मांडी लावून धवला म्हणत होती.

मी बाहेर जाऊन वरिष्ठांना सांगितलं, सापडली, सुखरूप आहे. ते म्हणाले, ताबडतोब घेऊन निघा, रोह्याला गर्दी आवरत नाही. मी म्हटलं, निघतोच साहेब, आणि परत येऊन खुर्चीवर बसलो.

हे ठीक होतं, पण पाठोपाठ ठाण्यातून माझ्या उपनिरीक्षकाचा फोन आला.

"सर, जमाव गेट हलवतोय. बाई सापडली म्हणून सांगितलं तर म्हणतात खोटं आहे, तिला दाखवा नाहीतर त्याला बाहेर द्या. एक दगड खिडकीतून आत आला. त्याच्या कपाळाला लागलाय, रक्त थांबत नाही. बाईंचा एक व्हिडिओ कॉल लावा सर, लगेच शांत होतील."

मांडव माझ्यापासून दहा पावलांवर होता. आत गेलो असतो, बाईंना उठवलं असतं, फोनसमोर धरलं असतं, तर प्रकरण तिथे मिटत होतं. कायद्याने मी तेच करायला हवं होतं. माझ्या ताब्यातल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी माझी होती. मी खुर्चीवरून उठलोही. मग काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, त्याला फोन दे.

"तुझ्या बहिणीला उठवू का?" मी विचारलं. "तू हो म्हण, आत्ता उठवतो."

पलीकडून जमावाचा आवाज येत होता. तो जरा दम लागल्यासारखा बोलला.

"कुठवर आलाय?"

मी शेजारच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, अजून बराच राहिलाय.

"मग नाय साहेब. पुरा होऊ दे."

मी उपनिरीक्षकाला सांगितलं, त्याला आतल्या खोलीत हलव, डॉक्टरला मागच्या दाराने आण, जादा कुमक मी मागवतो, आणि काहीही झालं तरी गेट उघडायचं नाही. मग मी बसलो. आतला संथ सूर संपता संपत नव्हता, आणि दर कडव्याला मी मनात त्या बाईला शिव्याही घालत होतो आणि तिने थांबू नये असंही मला वाटत होतं.

धवला संपला. घरातल्या थोरल्या बाईने साडी आणि नारळ आणला. बाई शेजारी बसलेली असताना तिने ओटी भरली ती म्हातारीची. मग म्हातारीने धड असलेला हात हळूहळू ओटीत घातला, नारळ उचलला आणि पोरीच्या पदरात टाकला. धवलारीण धवला कुणाला तरी सोपवते तो असा सोपवते, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की अख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेली बाई लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडत होती.

ठाण्यासमोर तिला पाहिल्यावर पोरांनी शिट्ट्या वाजवल्या आणि फोटो काढून पोरं घरी गेली. ज्याचं डोकं फोडलं त्याची आठवण कुणाला राहिली नाही. कपाळाला पट्टी बांधलेल्या भावासमोर बाई जाऊन उभी राहिली. तो तिला एवढंच म्हणाला, "आयेला घरी सोडून आलीस ना गो?" मी ड्रायव्हरची तक्रार निकाली काढली आणि पत्रकारांना सांगितलं, घरगुती कारणाने गेल्या होत्या. त्यांनी खूप खोदून विचारलं. मीही काही कमी मुरलेला नव्हतो.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. गप्प बसलेल्या माणसाला आपण नेहमी विचारतो, काय लपवतोस? कोणासाठी लपवतोस, हे विचारायला मला जवळजवळ सगळी नोकरी लागली.

उशीर झाला तरी बाई रोह्याला गेली. सोबतीला मीच होतो. घसा बसला होता, तरी उभी राहिली आणि गायली. दुसऱ्या दिवशी एका बातमीत छापून आलं, की बाईंचा आवाज काही लागला नाही, पूर्वीची मजा राहिली नाही. बायकोने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि मला विचारलं, तुम्ही तर तिथेच होता, खरंच वाईट गायली का हो?

मी म्हटलं, रोह्याचं माहीत नाही. पण त्या दुपारी तिच्याइतकं चांगलं कुणी गाताना मी ऐकलेलं नाही.