ताणलेली केबल

जुनी मोटरसायकल घेतल्यापासून रोज चिडत होतो. ॲक्सिलरेटरची मूठ जराशी फिरवली की गाडी उसळायची, सोडली की गचका द्यायची. आधीच्या मालकाला मनातल्या मनात शिव्या घालायचो. तो आता हयात नाही. गाडी त्याच्या बायकोनं विकली.

मेकॅनिकनं मुठीजवळची केबल दाबून पाहिली. "पार ताणून ठेवलीय, साहेब. हा नट बघा. बाकी सगळे गंजलेत, हा एकटाच चकचकीत. वरचेवर फिरवलाय, थोडा थोडा."

"कशाला?"

"आधी जे चालवायचे, त्यांचं मनगट पुरतं वळत नसेल. थोड्यात गाडी पळावी म्हणून."

किल्ली देताना बाई म्हणाल्या होत्या, "हात पार गेला होता, तरी शेवटपर्यंत हिच्यावरूनच कामाला जायचे." मी तेव्हा टायर बघत होतो.

हातातलं बळ जसजसं कमी होत गेलं, तसतसा तो हा नट फिरवत गेला असेल. कामावर जाण्यापूर्वी, उभ्या उभ्या, कुणाला न सांगता.

मेकॅनिकनं मिनिटभरात नट मागे फिरवला. गाडी आता लोण्यासारखी चालते. त्या हाताची एवढीच खूण उरली होती. ती मी दुरुस्त करून घेतली.