शाळा करणारी मुलगी

“शाळेला न्हाय चालली, आबा. शाळा करतीया पोरगी.”

ओसरीवर तात्या शेजारच्या आबांना सांगत होते. मी आतल्या खोलीत बॅगेवर बसून तिची चेन ओढत होते. दार उघडंच होतं, पण मी आत आहे हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. किंवा असेलही.

“कॅनडा सोडून तिकडं कशापायी मग?” आबांनी विचारलं. “तितं कुणीतरी असंल की.”

“तेच म्हनतोय मी.”

चेन लागली. तरी मी बॅगेवरून उठले नाही. बाहेर गेले असते तर दोघं एकदम पावसापाण्याचं बोलायला लागले असते, हे मला माहीत होतं.

हा शब्द माझ्या मागे लहानपणापासून होता. कऱ्हाटीहून पिवळ्या बसने मी बारामतीच्या इंग्लिश मीडियममध्ये जायचे. पहिलीत असताना चुलतभावांना मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, “मी रोज बारामतीत शाळा करते.” ते पोट धरून हसले. कुणाला बनवणं, डाव टाकणं, याला आमच्याकडे शाळा करणं म्हणतात हे मला ठाऊकच नव्हतं. पुढे कित्येक वर्षं संध्याकाळी बसमधून उतरले की कुणीतरी विचारायचंच, “काय मॅडम, आज कुनाची शाळा केली?” शिवाय मी ‘इथे’, ‘तिथे’ म्हणायचे, घरातले सगळे ‘हितं’, ‘तितं’. मी ‘तिथे’ म्हटलं की भाऊ माझ्याच आवाजात ते परत म्हणून दाखवायचे. मग मी बोलणं कमी केलं आणि बघणं वाढवलं. गप्प माणसासमोर लोक सावध राहत नाहीत. कोण कुणाकडे बघून गप्प होतं, कोण उगाच हसतं, हे दिसत जातं. सिनेमा शिकायचं मनात आलं ते बहुधा त्यातूनच.

बारावीनंतर दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक फिल्म स्कूल कॅनडात, एक आयर्लंडमध्ये. कॅनडाचं तात्यांनी सुचवलं होतं. तात्या म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या ओळखीचा एक माणूस पुण्यात परदेशी प्रवेशांचं ऑफिस चालवतो. तात्यांच्या मेहुण्याचा मुलगाही तिकडेच असतो. “विमानतळावर न्यायला आपला मानूस येनार,” तात्या सांगायचे. “अजून काय पायजे?”

मला एवढ्या चांगल्या गोष्टीचा लगेच संशय आला. पुण्याच्या ऑफिसातला माणूस माझ्या प्रत्येक प्रश्नाला ‘डोन्ट वरी’ म्हणायचा. सेटवर काम कोण देतं, कॅमेरा किती जणांत एक, शिकवणारे पूर्णवेळ आहेत का? डोन्ट वरी. आणि तात्या इतका जोर का लावताहेत, हाही प्रश्न होताच. त्यांना यात काय मिळणार होतं?

एके दुपारी मी त्या स्कूलचा जाहिरातीचा व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला. तशी मला सवयच आहे. आवाज काढून टाकला की गोडवा जातो, चित्र तेवढं राहतं. कॅमेऱ्यामागे एक मुलगी होती, निळ्या स्वेटरमध्ये. एडिटिंगच्या खोलीत तीच, हिरव्या स्वेटरमध्ये. मैदानात घोळक्याच्या मध्यभागी हसणारी, तीही तीच.

मी पप्पांना दाखवलं. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून ते पुन्हा पुन्हा पाहिलं.

“व्हय की,” ते म्हणाले. “मला कळलंच नसतं.”

आयर्लंडच्या स्कूलने व्हिडिओ वगैरे काही पाठवला नाही. त्यांनी माझी फिल्म मागितली. आईचं माहेर नरसिंहपूर. तिथल्या घाटावर नारळ विकणाऱ्या एका बाईवर मी मोबाइलवर पाच मिनिटांचं काहीतरी केलं होतं. मुलाखतीला स्क्रीनवर मॉरीन नावाच्या एक वयस्क बाई आल्या. नमस्कार झाल्या झाल्या त्यांनी विचारलं, “तू इतक्या लांब का उभी आहेस?”

मला वाटलं कॅमेऱ्यापासून. मी खुर्ची पुढे ओढली. त्या म्हणाल्या, आत्ता नाही, तुझ्या फिल्ममध्ये. सगळे शॉट खांबामागून घेतल्यासारखे आहेत.

ते खांबामागूनच घेतले होते.

पुढे त्यांनी सांगितलं की पहिलं वर्ष कॅमेऱ्याला फारसा हात लागणार नाही, आवाजाचं काम शिकावं लागेल. खोली मिळणं कठीण आहे, हवा वाईट आहे आणि निम्म्या मुलांना पहिल्या हिवाळ्यात परत जावंसं वाटतं. बारामतीच्या मंडईत कुणी किडकं वांगं असं आपल्या हाताने वर मांडून ठेवताना मी पाहिलेलं नाही. म्हणून मला त्यांचं पटलं. आणि लगेच वाटलं, हीच तर यांची पद्धत नसेल? खरं बोलून गिऱ्हाईक बांधायचं? पण तसं असलं तरी माझी फिल्म त्यांनी खरंच पाहिली होती. पुण्याच्या त्या माणसाने ती कधी उघडलीही नव्हती.

मी आयर्लंड म्हटलं. आई भाजी निवडत राहिली. तात्या उठून गेले. त्यांनी शोधून दिलेलं सोडून मी जिथे आपलं कुणी नाही असं ठिकाण निवडलं होतं, म्हणजे तिथे कुणीतरी नक्की असणार, असा त्यांचा हिशेब. एखादा मुलगा.

निघायच्या दिवशी गाडी पप्पा चालवत होते. मोरगाव मागे पडल्यावर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “तितं आपलं कोन हाय, एवढंच सांग.”

त्या प्रश्नात तात्यांचा संशय होता की पप्पांची स्वतःची भीती, हे मला आवाजावरून कळेना. मी उत्तर दिलं नाही. विमानतळावर त्यांनी बॅग ट्रॉलीवर चढवून दिली, पट्टा घट्ट केला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तेव्हाही नाही.

आता दुसरं वर्ष चालू आहे. मॉरीनबाई खोटं बोलल्या नव्हत्या. समुद्रावरचा वारा माइक टांगलेल्या बूमच्या काठीसकट माणसाला ढकलतो. खोली शोधताना प्रत्येक घरमालकाचा मला संशय आला, त्यातल्या एकाचा अगदी बरोबर. एडिटिंगच्या खोलीत हेडफोन लावून मी तासन्‌तास लोकांचे श्वास ऐकते. खोटं बोलण्याआधी माणूस जरासा श्वास घेतो, असं मला वाटायला लागलंय. कॅनडाचं ते स्कूल वाईटच असेल असंही मी म्हणणार नाही. कदाचित सुट्टी असेल, त्यांना ती एकच मुलगी सापडली असेल आणि तिनेच बिचारीने स्वेटर बदलले असतील. ते मला कधी कळणार नाही.

फोनवर आई विचारते, “तितं थंडी हाय का गं?” मी म्हणते, “हो, तिथे खूप आहे.” मी जिथे उभी आहे त्या जागेला ‘तिथे’ म्हणते. परवापर्यंत हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

परवा तात्यांचा फोन आला. मी इकडे आल्यापासून पहिला. स्क्रीनवर नाव बघून आधी संशयच आला.

“आगं, गौरी म्हनती तिलाबी तुझ्यासारखंच शिकायचंय. कारटून का काय ते.” गौरी ही त्यांची धाकटी. “दोन ठिकानची कागदं आल्याती. एक त्या पुन्यावाल्याचं, एक तुज्या गावचं. तू बघ जरा. तुजी नजर लई वाईट.”

“वाईट?”

“म्हंजी बारीक गं. ती लोकं शाळा तर करत न्हाईत न्हवं?”

मला हसू आलं, पण मी आवाज होऊ दिला नाही. ते पुढे म्हणाले, “तवा तुला कॅनडाला धाड म्हनत हुतो, त्ये हिच्यापायीच. तू फुडं गेली असतीस तर मागनं हिला धाडाय येत हुतं.”

म्हणजे त्यांना यात काय मिळणार होतं, तर हे. दोन वर्षं मी किती काय काय धरून चालले होते.

फोन स्पीकरवर होता. मागे ओसरीवरच्या पंख्याची कुरकुर होती, भांडं खाली ठेवल्याचा आवाज होता आणि आबांचा खोकला. पप्पाही बसलेले असणार. सगळ्यांच्या वतीने तात्यांनी विचारलं, “शाळा चांगली असंल गं. पर पोरीला एकटीला धाडायचं, तर तितं आपलं कोन हाय?”

या वेळी मी खुर्ची पुढे ओढली.

“हितं मी हाय की, तात्या.”