झरीवाले, ऐकायलाव का?

गाणं सुरू करण्याआधी सटवाबा डोळे मिटायचे, मांडीवरच्या बेंजोच्या बटणांवरून एकदा बोटं फिरवायचे आणि भोंग्यातून हाक द्यायचे, "झरीवाले, ऐकायलाव का?" परभणी असो, पालम असो, की एखाद्या आडवळणाच्या गावची जत्रा, ही हाक ठरलेली. आता आमचं गाव झरी, आणि झरीहून प्रत्येक कार्यक्रमाला जाणारा मी एकटाच. मंडपात पुढची जागा मी सोडायचो नाही. हाक आली की जरा मान वळवून आजूबाजूच्यांकडं बघायचो, तुमच्यापैकी कोणाला अशी हाक मारलीय का, अशा थाटानं.

सटवाबा धनगराचे, मेंढरांमागं वाढलेले. ओव्या बापाकडून आल्या होत्या आणि बेंजो त्यांनी लग्नातल्या एका बँडवाल्याच्या मागं लागून शिकून घेतला होता. त्या बेंजोला बॅटरी आणि भोंगा जोडला तेव्हा जुनी माणसं चिडली, यानं देवाची ओवी बाटवली म्हणाली. सटवाबा म्हणाले, "देवाला ढोल चालतो तर बेंजो कामून चालत न्हाई? देव काय तुमच्यावाणी कान झाकून बसलाय का?" पुढं ढोल आणि बेंजो एकदम उसळायला लागले की तीच जुनी माणसं मांडीवर ताल धरायची. नंतर शहरातली कॉलेजची पोरं म्हणू लागली, हे तर आपलं गावरान रॉक. मला ते आवडलं नाही. मी ऐकायला लागलो तेव्हा त्याला कसलंच नाव नव्हतं.

माझ्या बायकोनं सटवाबांचं नाव सवत ठेवलं होतं. मी इस्त्रीचा सदरा काढला की ती चुलीपुढूनच विचारायची, "आज माझी सवत कुठं गायलीय म्हणं?"

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात एसट्या कधी बंद पडतील याचा नेम नसायचा. मी सरकीच्या ट्रकवर बसून पालम गाठलेलं आहे. त्या दिवसांत माणसं एकमेकांच्या आळीत जायची बंद झाली होती. एका गावात सटवाबा आदल्या दिवशी मारुतीच्या पारावर गायले आणि दुसऱ्या दिवशी भीमनगरात जाऊन बसले. गावच्या पाटलानं दरडावून विचारलं, "सटवा, तिकडं कामून गेलास?" सटवाबा शांतपणे म्हणाले, "मालक, तिकडं लोकं झील चांगली धरतेत." ओळ संपता संपता मागच्यांनी ती उचलून लांबवायची, त्याला झील म्हणतात. मला ते कौतुक झोंबलं. झील मीही धरायचो की, बसल्या जागेवरून, अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल अशी.

विद्यापीठाचं नाव बदललं त्याच वर्षी पुण्याचा एक दाढीवाला दिग्दर्शक आला. आठवडाभर सटवाबांच्या वस्तीवर राहिला, मेंढरांत हिंडला आणि माहितीपट काढून मोकळा झाला. परभणीत एका सभागृहात तो दाखवणार होते. मी बायकोला घेऊन गेलो. सटवाबा पहिल्या रांगेत दिग्दर्शकाशेजारी बसले होते. आम्हाला पार मागं, खांबाआड जागा मिळाली. माझं डोकं तिथूनच फिरलं.

पडद्यावर आधी मेंढरं आली, मग धूळ, मग एक घोगरा आवाज, "एक उपेक्षित कलावंत." उपेक्षित? मग आम्ही इतकी वर्षं मंडपात काय झोपा काढत होतो? एक प्राध्यापक सटवाबांवर बराच वेळ बोलले. त्यांना मी एकाही जत्रेत पाहिलेलं नव्हतं. दिग्दर्शक सटवाबांच्या चुलीपुढं बसून भाकरी मोडताना दिसला. मी त्या वस्तीवर कधी गेलो नव्हतो, मला कोणी या म्हटलंच नव्हतं. हेवा वाटला, सरळच सांगतो. तरी एक आधार होता. आता हाक येईल आणि पुण्या-मुंबईच्या लोकांनाही कळेल की झरीवाला म्हणून कोणीतरी आहे.

हाक आली. पडद्यावरचा आवाज स्वच्छ होता, भोंग्याची घरघर त्यात नव्हती. "झीलवाले, ऐकायलाव का?" आणि सटवाबांच्या मागं बसलेल्या दोन्ही झीलकऱ्यांनी माना हलवल्या.

बायको माझ्या कानाशी लागली. "अहो, ती सवत तुमाला न्हाई बोलवायली. घरच्या माणसांला बोलवायली." पुढचा सिनेमा मी पाहिला, पण मला दिसला नाही.

बाहेर सटवाबांभोवती गर्दी झाली होती. मी थेट स्टँडकडं निघालो होतो, बायकोनंच दंडाला धरून पुढं केलं. मी म्हणालो, "सटवाबा, मी झरीचा. तुमचा एकही कार्यक्रम चुकवलेला नाही." त्यांनी पाहिलं. ओळख दिसली नाही. "झरीचे का? बरं बरं," म्हणाले, कोणालाही म्हणावं तसं.

माझ्यानं राहवलं नाही. तिथंच, दिग्दर्शक आणि प्राध्यापकांच्या देखत, मी त्यांच्या बिरोबाच्या ओवीची झील धरली. लोक वळून बघायला लागले. बायकोनं पदर तोंडाला लावला. सटवाबांनी डोळे मिटले.

"आत्ता वळखलं," ते म्हणाले. "वर बसलं की डोळ्यावर बत्ती असती, तोंड कुणाचं दिसंना. मेंढरू बी आमी आवाजानंच वळखतो. तुमी पुढंच बसता न्हवं? लय दिसापून सांगायचं व्हतं. तुमी झील अर्ध्यात सोडता. तुमी सोडली की माझे दोघंबी घसरतेत."

"दम पुरत नाही," मी म्हणालो.

"मग बारीक आवाजात धरा. पर सोडू नगा."

प्राध्यापकांचं ते कौतुक करत होते, दिग्दर्शकाच्या पाठीवरून हात फिरवत होते. रागावले ते फक्त मला. परतीच्या एसटीत मी बायकोला हे तीन-चारदा ऐकवलं, शेवटी ती खिडकीकडं तोंड करून बसली.

पुढच्या थंडीत सटवाबा गेले. तेराव्याला वस्तीवर ढोल वाजला, तेव्हा मी त्या दोघा झीलकऱ्यांच्या मागं जाऊन बसलो. बारीक आवाजात धरली आणि ओवी संपेपर्यंत सोडली नाही. पुण्याचा दिग्दर्शक आला नव्हता. मला त्याचा आनंद झाला.