"पाणी सोडून ठेव"

कुवेतमध्ये थंडी पडते हे आमच्या नाशिकच्या नातेवाइकांना कधी पटलं नाही. उन्हाळ्यात डांबर वितळवणारा तो देश जानेवारीत वाळवंटात गाडीच्या काचेवर बर्फ चढवतो. १९९० साली मी तो डोळ्यांनी पाहिला. नुसता पाहिला नाही, त्याच्याशी भांडून जिंकले.

भांडणाचं मूळ म्हणजे आमची मोटारहोम. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज जोडप्याकडून ती मी हट्टानं घेतली. आत झोपायला जागा, शेगडी, चिमुकली मोरी आणि फरशीखाली पाण्याची टाकी. दिवसभर वॉर्डात नर्स म्हणून दुसऱ्यांचे हुकूम ऐकल्यावर त्या गाडीचं चाक हातात धरलं की मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. नवरा इंजिनिअर, त्याच्या मते मी भंगार आणलं होतं. "एक हिवाळी सहल करू. काही फुटलं की गाडी थेट अम्गराच्या भंगार बाजारात," असं त्यानं बजावलं आणि तिथल्या भंगारवाल्याशी बोलूनही ठेवलं.

सहल ठरली मुतलाला. त्या टेकडीचं नाव खरंच हे आहे, त्याला माझा इलाज नाही. तेव्हा सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी ते नाव शेवटपर्यंत तोंडातून काढलं नाही, "त्या तिकडच्या टेकडीवर" एवढंच म्हणायच्या. नवऱ्याच्या कंपनीतली तीन कुटुंबं तंबू घेऊन आली होती. नवऱ्याची रात्रपाळी होती. आम्हाला जागेवर पोचवून तो आपल्या मोटारीतून निघाला आणि जाता जाता काच खाली करून ओरडला, "आज बर्फ पडणार म्हणतात! पाणी सोडून ठेव गं, नाहीतर पाइप फुटतील!"

आणि गेला. आम्ही सासू-सुना एकमेकींकडे बघत उभ्या.

"सोडून ठेव म्हणजे नळ चालू ठेव," सासूबाई म्हणाल्या. "आपल्याकडे नगरपालिकेनं पाणी सोडलं म्हणजे पाणी येतं की जातं?"

बिनतोड युक्तिवाद. मी नळ सोडला. पंप घुरघुरला, पाणी मोरीतून वाळूत वाहू लागलं आणि टाकीचा काटा बघता बघता खाली यायला लागला. असं चाललं तर सकाळी टाकी कोरडी, आणि सासूबाई आंघोळीशिवाय चहाचा घोटही घेत नसत. मी झटकन नळ बंद केला. मग डोकं चालवलं. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली का फुटते? आत पाणी असतं म्हणून. पाइपात पाणीच नसलं तर फुटणार काय, कपाळ?

"आई, सोडायचं म्हणजे काढून टाकायचं!"

"आणि माझी आंघोळ?"

हा खरा प्रश्न होता. उजेड होता तोवर मी गाडीखाली सरपटत गेले आणि टाकीची तोटी उघडली. सासूबाई बाहेरून भांडी पुरवत होत्या: कुकर, पातेली, दुधाचे कॅन, शेवटी पूजेचा तांब्यासुद्धा. टाकी रिकामी झाली, पण पाइपात थोडं पाणी अडून बसलं होतं. मी सगळे नळ उघडले, पंपाची नळी सोडवली आणि चूल फुंकावी तशी गाल फुगवून फुंकत सुटले. सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून जन्म घालवलेली बाई मी, आता नळीत फक्त हवाच राहावी म्हणून जीव काढत होते. सासूबाई हसून हसून खाली बसल्या. मग त्यांनी आपली गोधडी काढून पाण्याच्या भांड्यांवर घातली आणि स्वतः स्वेटर-शालीवर झोपल्या.

सकाळी काचेवर पांढराशुभ्र थर. तंबूवाल्यांच्या बाहेरच्या टाकीचा नळ दगड झाला होता आणि एक इंजिनिअर त्याला पान्यानं ठोकत होता. सासूबाई मात्र मोरीत कढत पाण्यानं आंघोळ करत मोठमोठ्यानं स्तोत्र म्हणत होत्या, सगळ्या वाळवंटाला ऐकू जावं असं. मी सर्वांना चहा पाजला. मला इतका आनंद झाला होता की साखर दुप्पट पडली.

ऊन चढल्यावर तोटी लावली, नळी बसवली, पाणी परत ओतलं. नळ खोकला, थुंकला आणि स्वच्छ धार लागली. तेवढ्यात नवरा आला. सरळ गाडीखाली शिरला, एकेक जोड चाचपला आणि डोक्यात वाळू घेऊन बाहेर आला.

"टिपूससुद्धा नाही," तो म्हणाला.

"मग त्या भंगारवाल्याला सांग," सासूबाई म्हणाल्या, "तुझी मोटार नेऊ दे त्याला. ही गाडी राहील."

गाडी राहिली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इराकी फौजा घुसल्या नि कुवेत सोडून पळावं लागलं, तेव्हा ती आम्हाला आणि तंबूवाल्यांपैकी एका कुटुंबाला घेऊन इराकमधून जॉर्डनच्या सीमेपर्यंत गेली. तिथल्या उन्हात माणसं रांगा लावून ताटकळत होती. नवरा आमच्या नळाखाली एकेकाचा पेला धरून भरत होता आणि न विचारता प्रत्येकाला सांगत होता, "गाडी माझ्या बायकोनं घेतलीय."