कच्ची आवृत्ती

कुठल्याही कॉम्प्युटरवर लिनक्स या मोफत प्रणालीची नवी आवृत्ती टाकण्याआधी चाचा त्याच्यावर तळहात ठेवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग गिऱ्हाइकाला विचारत, "पक्की का कच्ची?" पक्की म्हणजे पारखून झालेली, स्थिर. कच्ची म्हणजे ताजी, पण कधी दगा देईल याचा नेम नाही. विचारायचे आपले रीत म्हणून, टाकायचे पक्कीच.

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. शेजारी मी प्रिंटर दुरुस्त करायचो. अचलपूरचे एक मास्तर एकदा ताज्या आवृत्तीसाठी हटून बसले. चाचा म्हणाले, "कच्च्यानं पोट दुखते, सर. मंग मायाकडंच या लागते." मास्तर रुसले, पण पुढचा लॅपटॉपही त्यांनी इथंच आणला.

चाचांच्या स्वतःच्या मशीनमध्ये मात्र चाची राहत. हसू नका, आम्ही तसंच म्हणायचो. चाची हयात असताना चाचांनी त्यांचे सुटे शब्द रेकॉर्ड केले होते. एक जुना प्रोग्राम ते जोडून रोज दिवेलागणीला बोलायचा, "अजी, घर चलो. खाना ठंडा हो रा." चाची गेल्या तरी आवाज राहिला. चाचा त्याला "आया, आया" म्हणत आणि शटर ओढत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

पुढे त्या जुन्या मशीनवर सरकारी साइट उघडेनात. दुकान चालवायचं तर नवी आवृत्ती हवीच होती. पण नव्या पक्क्या आवृत्तीतून चाचींचा प्रोग्राम काढून टाकलेला. कच्चीत तो होता.

"आवाज मोबाइलमध्ये भरून घ्या आणि पक्की टाका," मी म्हणालो.

"मोबाइलमधी फोटो रायते भाऊ, माणूस नाई रायत."

आयुष्यात पहिल्यांदा चाचांनी कच्ची टाकली.

दिवेलागणीला आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. आवाज आला. चाचींचाच, पण अगदी कानाशी.

"अजी, चलो."

घराचं नाव नाही, खाण्याचं नाही. मी म्हणालो, "चाचा, शब्द गळून राहिले. उद्या काढून टाकू ही."

"काहून? राहू दे." त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. "आया," म्हणाले आणि शटर ओढलं.

सकाळी ते उघडलं नाही. चाचा झोपेतच गेले होते. मला सख्खा माणूस गेल्यासारखं झालं.

चाचांचा चाळिसावा दिवस झाल्यावर त्यांची मुलगी मशीन घेऊन आली. "भाऊ, अम्मीचा आवाज एकदा ऐकवून द्या."

मी बराच वेळ खटपट केली. नव्या आवृत्तीला त्या मशीनचं साउंड कार्ड ओळखताच येत नव्हतं. ती टाकल्या क्षणापासून मशीन मुकं होतं.

मुलगी स्पीकरला कान लावून बसली होती.