कात्रीकाका आणि न संपणारं पान

प्रिय ईशान आणि रेवा,

मागच्या आठवड्यात तुमची आई आमच्या लखनौच्या मराठी मंडळाची वेबसाइट नव्या जागी हलवत होती, तेव्हा रेवाने तिच्या खांद्यावरून डोकावून विचारलं, की लिहिण्याच्या या चौकटीखाली दोन आकडे का पळतात. आई म्हणाली, "ते कात्रीकाकांसाठी. आजीला विचार." मी फोनवर सांगायला सुरुवात केली आणि तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. म्हणून आता लिहून सांगते, क्रमाने. तुम्ही मराठी अडखळत वाचता हे मला माहीत आहे. अडखळा. मला घाई नाही.

इतर गृहस्थांच्या खिशाला पेन असतं, तशी कात्रीकाकांच्या खिशाला कात्री असे. अमीनाबाद बाजारातल्या एका कापडवाल्याकडून घेतलेली, चांगली वीतभर लांब. तिच्या दोन कड्या खिशाबाहेर येत आणि लांबून पाहणाऱ्याला वाटे, काकांनी चष्मा खिशात ठेवलाय. दर गणपतीत आमच्या मंडळाचा एक अंक निघायचा, त्याचे ते संपादक. नियम एकच: लेख तीनशे शब्दांचा. हाती आलेला लेख ते टेबलावर पसरत, पेन्सिलीचं टोक एकेका शब्दावर ठेवत, ओठांतल्या ओठांत मोजत आणि तीनशेवा शब्द आला की त्याच्याखालून कागद आडवा कापत. वरचा भाग छापखान्यात जाई. खालची पट्टी पाकिटात घालून ते लेखकाला घरी नेऊन देत, नमस्कार करून. "हे तुमचं. सांभाळून ठेवा, पुढच्या वर्षी कामाला येईल."

ते मूळचे अमरावतीचे, रेल्वेत पुलांचे इंजिनियर. सारी नोकरी लखनौत झाली, निशातगंजात घर झालं, पण बोलणं वऱ्हाडातच राहिलं. लोक चिडले की ते म्हणत, "पुलावरून किती वजन जाईल ते आधी ठरते, गाडी मागून येते. इथं जो तो मालगाडी घेऊन येऊन राहिला!" काकूंना हे पाठ झालं होतं. त्या मला म्हणायच्या, "यांच्या हातात असतं ना, तर आमच्या लग्नातली मंगलाष्टकं यांनी दोनावर आणली असती."

मी सहसंपादक होते. म्हणजे काय, तर काका कापायचे आणि मी रुसलेल्यांना चहा पाजायचे. सगळ्यात मोठा रुसवा आमच्याच घरात होता. तुमच्या आजोबांनी आयुष्यभर झाडांचा अभ्यास केला, डॉक्टरेटही त्यातच मिळवली. त्यांनी एकदा अंकासाठी कडुनिंबावर लिहिलं. मुळापासून सुरुवात केली, कारण शास्त्रज्ञ मुळापासूनच सुरुवात करतात. छापून आलं तेव्हा निंब खोडापर्यंत आला होता आणि तिथेच थांबला होता. पानं, मोहोर, निंबोळ्या, सगळं पाकिटात. आजोबा त्या गणपतीत काकांशी एक शब्द बोलले नाहीत. काका मला म्हणाले, "पाहा वहिनी, जमते त्यांना थोडक्यात."

असं करता करता लेख यायचे बंद झाले. मोठी माणसं रुसलेली होती. मुलांना मराठी समजायचं, पण तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडायचं. एका उन्हाळ्यात मंडळाच्या सभेत अध्यक्षबाई उठल्या. त्या एका कॉलेजच्या प्राचार्या होत्या आणि स्पष्ट बोलायच्या. "या गणपतीपर्यंत अंक भरला नाही, तर पुढच्या वर्षीपासून हिंदीत एका पानाचं पत्रक काढू या. निदान पोरं वाचतील तरी." सभेत कुणी विरोध केला नाही. काकांनीही नाही. ते फक्त खिशातल्या कात्रीवर हात ठेवून बसून राहिले. घरी जाताना मात्र रिक्षात मला म्हणाले, "वहिनी, अंक माझ्यामुळे मरून राहिला का?" मी म्हटलं, "थोडासा."

तुमची आई तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होती. सुटीत घरी आली, तेव्हा तिने मंडळाची वेबसाइट केली होती आणि तीत एक लिहिण्याची चौकट. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटे. घरबसल्या लेख लिहा, बटण दाबा, लेख काकांकडे हजर. आम्ही काकांना पाहायला बोलावलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"अच्छा. आणि हे पान संपते कुठं?"

"संपत नाही, काका. लिहीत गेलं की खाली सरकत जातं."

काकांचा चेहरा असा झाला, की काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. "संपत नाही? मग कापायचं कुठून?"

"कापायचंच कशाला?" आई म्हणाली. "खाली शब्द मोजणारा आकडा लावते. ज्याचा त्याला दिसेल. तीनशे झाले की आकडा लाल होईल आणि 'पाठवा'चं बटण मिटेल."

काका खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "म्हणजे लोक यंत्रावर रुसतील. लाव."

दुसऱ्या दिवशी आकडा लागला. काकांनी स्वतःचं नाव टाइप केलं, आकडा वाढला. खोडलं, आकडा उतरला. "उलटा बी येते!" ते ओरडले आणि काकूंना दाखवायला पुन्हा सगळं केलं. मग ते इंजिनियर झाले. एकही अक्षर न लिहिता मोकळ्या जागेची लांब पट्टी ते ठोकत राहिले आणि आकडा भराभर वाढत गेला. "पोरी, तुझी गाडी रिकामे डबे मोजून राहिली." आईने जीभ चावली. दोन शब्दांमधली प्रत्येक मोकळी जागा म्हणजे एक नवा शब्द, असं तिने यंत्राला सांगून ठेवलं होतं. तिने ते सुधारलं.

मंडळी मात्र काकांहून हुशार निघाली. तीनशेत बसत नाही म्हटल्यावर त्यांनी शब्दांमधल्या जागाच काढून टाकल्या. एका बाईंनी 'साबुदाणारात्रीभिजवूनसकाळीनिथळूनघ्यावा' हा एक शब्द म्हणून पाठवला. काका म्हणाले, "हे तर विनातिकीट छतावर बसून जाणं झालं." म्हणून दुसरा आकडा आला, अक्षरांचा. त्यातही भांडण झालं. काकांनी 'स्त्री' लिहिलं आणि यंत्र म्हणालं, सहा.

"हे एक अक्षर आहे की नाही, वहिनी?"

मी म्हटलं, एक.

आई समजावू लागली, की यंत्र स वेगळा धरतं, त वेगळा, र वेगळा, पाय मोडल्याच्या खुणा वेगळ्या आणि वेलांटीही वेगळी. काकू दारातून म्हणाल्या, "बरोबरच मोजलंय त्यानं. घरात सहा जणींचं काम एकटीच करते ती." पण काका ऐकेनात. शेवटी आपण वाचतो तसं जोडाक्षर एकच धरायला आईने यंत्राला शिकवलं. त्या दिवशी काकांनी कात्री खिशातून काढून काकूंना देऊन टाकली. काकू त्या कात्रीने कोथिंबीर कापू लागल्या.

लेख येऊ लागले. आकड्यावर रुसायचं कसं, हे कुणाला कळेना. पण लखनौत इतकी वर्षं काढलेल्या मराठी माणसाची एक खोड आहे. मूळचा तो मुद्द्याचा माणूस, पण इथल्या हवेने त्याला अदब लागते. मंडळाच्या सहलीचा वृत्तांत एका निवृत्त अधिकाऱ्यांनी लिहिला. आधी अध्यक्षांना वंदन, मग समितीचे आभार, मग बसच्या मालकाचे, ड्रायव्हरचे, उन्हाचे, की ते जास्त पडलं नाही. तीनशे शब्द संपले. काकांनी त्यांना फोन लावला. "साहेब, लेख फार सुरेख. पण बस आलमबागच्या पुढं, लखनौबाहेर, गेलीच नाही."

"अरे! मग आता?"

"ड्रायव्हरचे आभार काढा, तो गाडी चालवेल."

आणि साहेबांनी हसत हसत काढले! स्वतःच्या हाताने कापलेलं कुणालाच बोचत नव्हतं. तरी गणपती आठवड्यावर आला, मोठ्यांचे सगळे लेख आले आणि अंकाचा मागचा भाग रिकामाच होता. तो मुलांचा. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना? ती लिहिणार नाहीत." काका तुमच्या आईकडे आले. "पोरांसाठी वेगळी चौकट कर. चाळीस शब्दांची. चाळीस शब्दांचं मराठी प्रत्येकाच्या घरात पडलेलं असते."

रविवारी मंडळाच्या खोलीत मुलांना बोलावलं. आईने तिचा संगणक मांडला. मुलं नुसती खुर्च्यांवर लोळत होती. शेवटी आलमबागची पूर्वा उठली, नववीतली, एका रेल्वे अधिकाऱ्याची मुलगी. "बस चालीस? इतना तो हो जाएगा," म्हणाली आणि बसली. तिची आजी वर्ध्याहून त्यांच्याकडे राहायला आली होती आणि दारावरच्या सब्जीवाल्या भैयाशी रोज शुद्ध मराठीत भांडायची. भैया हिंदीत भांडायचा. दोघांना एकमेकांचं काही कळायचं नाही आणि भाजी मात्र बरोबर घेतली जायची. हे ती लिहू लागली. मुलं एकेक करून तिच्या मागे जमली. खिदळू लागली. आणि एकदम आकडा लाल झाला.

"अंकल, ये क्या बात हुई?" पूर्वा उसळली. "अभी तो मेथी भी नहीं ली!"

काका म्हणाले, "मराठीत सांग."

तिने श्वास घेतला. "काका, माझं... माझं अजून संपलं नाही."

अध्यक्षबाई पाहत होत्या, तुमचे आजोबाही. काकांनी नियम कधी कुणासाठी मोडला नव्हता, अध्यक्षबाईंसाठीसुद्धा नाही.

"किती पाहिजेत?" काकांनी विचारलं.

"पता नहीं. आजी फार बोलते."

काका आईकडे वळले. "हद्द काढ."

"किती करू, काका? साठ?"

"काढ म्हणतो ना. मोजू दे यंत्राला. अडवू नको."

पूर्वा वळून पुन्हा लिहायला लागलीसुद्धा. तुमच्या आजोबांना मात्र राहवेना. "वा! आणि माझ्या निंबानं काय पाप केलं होतं?"

"डॉक्टरसाहेब," काका हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला थांबवलं तर तुम्ही रुसाल, पण लिहाल. हिला आज थांबवलं तर ही परत येणार नाही."

थोड्या वेळाने पाहिलं, तर आजोबा पूर्वाच्या शेजारी उभे राहून तिला 'जुडी' कसं लिहायचं ते सांगत होते. तिच्यानंतर इतर मुलांनी खुर्चीसाठी भांडणं केली. जेवणाची वेळ टळून गेली तरी कुणी उठेना.

अंक भरला. खरं तर उतू गेला. पूर्वाचा लेख सगळ्यात लांब होता आणि छापखान्यातून निरोप आला, की एक पान जास्त होतंय, काहीतरी कापा. काकांनी स्वतःचं संपादकीय दोन ओळींवर आणलं. हिंदी पत्रकाचा विषय अध्यक्षबाईंनी पुन्हा काढला नाही. त्यांनी फक्त काकूंना सांगितलं, "यांना जपा हो." काकू म्हणाल्या, "जपते, पण तेही तीनशेच शब्दांत ऐकून घेतात."

पुढे काही वर्षांनी काकांची दृष्टी अधू झाली आणि ती दोघं पुतण्याकडे अमरावतीला जायला निघाली. आम्ही स्टेशनवर गेलो. मी खिडकीपाशी उभी राहून काहीतरी चांगलं बोलायला सुरुवात केली. इतक्या वर्षांचा सहवास, वगैरे. काका गजांतून म्हणाले, "वहिनी, मुद्द्यावर या. गाडी सुटून राहिली." मला मुद्दा काही आठवेना. आजोबांनी खिडकीतून हात आत घालून काकांचा हात धरला आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही. अमरावतीला काका आणखी तीन उन्हाळे होते. काकू त्यांना अंक वाचून दाखवत, मुलांची पानं आधी. मग एके दिवशी काकूंचाच फोन आला आणि त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

काका गेले. अंक अजून दर गणपतीत निघतो, मराठीतच. मोठ्यांना अजून तीनशे शब्दांची हद्द आहे. मुलांच्या चौकटीखाली आकडे पळतात, पण ते कुणालाही अडवत नाहीत.